प्रश्नाच्या मापाचा टॅरो स्प्रेड कसा आखायचा

टॅरो (प्रश्न घेऊन वाचायचे ७८ चित्रांचे पत्ते) शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाती सुरुवातीला दोनच स्प्रेड, म्हणजे पत्ते मांडण्याच्या रचना, येतात. एक तीन पत्त्यांचा, भूतकाळ-वर्तमान-भविष्य, आणि दुसरा दहा पत्त्यांचा सेल्टिक क्रॉस. पुढे कित्येक जण आयुष्यभर या दोनांतच राहतात. लग्नाचा प्रश्न असो, नोकरीचा असो की भावाशी तुटलेल्या बोलण्याचा, मांडणी तीच. मग दहा पत्ते समोर पसरतात, त्यातले चार काहीच बोलत नाहीत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपला अभ्यास कमी पडला. बऱ्याचदा अभ्यास पुरेसा असतो. मांडणी त्या प्रश्नासाठी नसते.

मी शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं टॅरो वाचते. पत्त्यांत पुढचं सगळं लिहून ठेवलेलं असतं, असं मी मानत नाही. ज्या बाजूने पाहायचं आपल्याला सुचत नाही किंवा टाळायचं असतं, त्या बाजूने पत्ते पाहायला लावतात, आणि एवढ्यासाठीच मला ते मोलाचे वाटतात. स्प्रेड आखताना आपण नेमकं हेच ठरवत असतो: कोणकोणत्या बाजूंनी पाहायचं, आणि कोणत्या क्रमाने. म्हणून ते काम पत्ते पिसण्याआधी, कागद-पेन्सिल घेऊन करायचं.

स्वतः स्प्रेड आखायला पुष्कळ जण बिचकतात, कारण रूढ मांडण्या फार जुन्या आणि म्हणून पवित्र आहेत असा समज आहे. आज सर्वांत जास्त वापरात असलेला डेक (पत्त्यांचा संच) गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला आणि तो १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. सेल्टिक क्रॉस घरोघर पोचला तो त्यानंतर लगेच आलेल्या वेट यांच्या पुस्तकामुळे. पुस्तकात त्या पद्धतीला ‘प्राचीन’ म्हटलेलं आहे. पण टॅरोचे पत्तेच मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले, आणि भविष्य पाहण्यासाठी त्यांचा वापर रूढ झाला तो अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. म्हणजे प्रत्येक मांडणी कधीतरी कोणीतरी गरजेनुसार आखलेली आहे. तुम्हालाही आखता येते.

आता कामाला लागू.

पहिल्यांदा प्रश्न लिहा. विचारणाऱ्याच्या तोंडून आला तसा, त्याच्याच शब्दांत. मग त्यातलं क्रियापद शोधा. ‘करू का’, ‘का होतंय’, ‘काय वाटतं त्याला’, ‘कधी होईल’, ‘कसं निभावू’. मांडणीचा सांगाडा इथेच ठरतो. ‘करू का’ म्हटलं की निवड आली, आणि निवडीला तुलना लागते. ‘का होतंय’ला खोली लागते, म्हणजे वरचं आणि त्याखालचं. ‘कसं निभावू’ला क्रम लागतो. प्रश्नात दोन क्रियापदं असतील (‘नोकरी का जमत नाही आणि सोडू का?’) तर ते दोन प्रश्न आहेत. त्यांना एका स्प्रेडमध्ये कोंबू नका. आधी पहिला वाचा. दुसरा बऱ्याचदा त्यानंतर बदलतो.

मग जागा लिहायच्या. माझा सगळा भर यावर आहे. स्प्रेडमधली प्रत्येक जागा हा एक पूर्ण प्रश्न असला पाहिजे, आणि ७८ पत्त्यांपैकी कोणताही पत्ता तिथे आला तरी त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकला पाहिजे. ‘सल्ला’, ‘अडथळा’, ‘परिणाम’ असे एका शब्दाचे मथळे छापील स्प्रेडमध्ये असतात. ते दिसायला सुटसुटीत असतात, पण पत्ता पडला की त्यांतलं धुकं कळतं. ‘सल्ला’ या जागेवर टेन ऑफ स्वोर्ड्स आला, तर काय सांगणार? पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी. असं कर म्हणून सांगणार? तीच जागा ‘या बाबतीत मी कशाकडे पाठ फिरवू नये?’ अशी लिहा. आता तोच पत्ता लगेच बोलतो: जे संपलं आहे, ते संपलं म्हणून मान्य कर. त्याच जागी द सन आला तरी उत्तर मिळतं: यातला आनंद खरा आहे, तो नाकारू नकोस.

जागा पक्की करण्याआधी मी तिची परीक्षा घेते. डेकमधून मुद्दाम पाच पत्ते काढते: द टॉवर, द सन, फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, एखादं पेज (तरुण सेवकाचा पत्ता) आणि टू ऑफ स्वोर्ड्स. म्हणजे एक हादरवणारा, एक निखळ आनंदाचा, एक अभावाचा, एक माणसाचा आणि एक अडून बसलेला. प्रत्येक जागेवर पाचही ठेवून पाहते. एखाद्या पत्त्याला तिथे काहीच म्हणता येत नसेल, तर वाक्य बदलते. ‘अडथळा’च्या जागी द सन ठेवला की नवखे रीडर गडबडतात. वाक्य ‘मला जागचं हलू न देणारी गोष्ट कोणती?’ असं असेल तर ‘सगळं छानच चाललंय, मग कशाला हलू’ हे उत्तर आपोआप पुढे येतं. सेल्टिक क्रॉसमधला दुसरा, पहिल्यावर आडवा पडणारा अडथळ्याचा पत्ता याच कारणाने इतकी वर्षं टिकला असावा. तिथे चांगला पत्ता आला तर विरोध फारसा जोरदार नाही, किंवा एरवी चांगली असलेली गोष्ट या बाबतीत उपयोगाची नाही, असा खुलासा वेट यांनी करून ठेवला आहे. त्या जागेला कोणताही पत्ता चालतो.

निवडीचा प्रश्न घेऊ, कारण लोक सर्वांत जास्त तोच घेऊन येतात. माझ्या ओळखीच्या एकीने विचारलं होतं: ‘नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायला जाऊ, की आहे तिथेच राहू?’ यासाठी मी दोन स्तंभ आखले, प्रत्येकी तीन जागा. दोन्हीकडे प्रश्न तेच, शब्दही तेच: या वाटेवर माझा रोजचा दिवस कसा असेल? ही वाट माझ्याकडून काय मागेल? या वाटेवर मी कोण होत जाईन? सातवा पत्ता दोन स्तंभांच्या मधोमध वर: मी तोलतच नाही अशी गोष्ट कोणती?

दोन्ही बाजूंचे प्रश्न शब्दशः सारखे ठेवण्याबाबत मी फार काटेकोर आहे. एकीकडे ‘फायदा’ आणि दुसरीकडे ‘धोका’ असं लिहिलं की निकाल पत्ते पडायच्या आधीच लागलेला असतो, आणि विचारणारा कुठे झुकलाय त्यानुसार आपली पेन्सिल झुकते. शिवाय पत्ते आडव्या ओळीने उघडायचे: दोन्ही वाटांचा पहिला पत्ता, मग दोन्हींचा दुसरा. एक अख्खा स्तंभ आधी उघडला तर मन त्यावर ठरून जातं आणि दुसरा स्तंभ नुसता त्याला जाब देत बसतो.

तिच्या पहिल्या ओळीत नोकरीकडे थ्री ऑफ पेंटॅकल्स आला, शिक्षणाकडे एट ऑफ पेंटॅकल्स. दोन्हीकडे कामच, तेही मन लावून केलेलं. फरक एकच होता: पहिल्या चित्रात तीन माणसं आहेत, दुसऱ्यात कारागीर एकटा बसला आहे. दुसऱ्या ओळीत फोर ऑफ कप्स आणि फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. राहिलीस तर समोर येणाऱ्या गोष्टींकडे हाताची घडी घालून बसावं लागेल, गेलीस तर पैशाची ओढाताण. तिसऱ्यात किंग ऑफ पेंटॅकल्स आणि पेज ऑफ स्वोर्ड्स. एकीकडे आपल्या कामात मुरलेला राजा, दुसरीकडे तलवार उचलून वाऱ्यात उभा असलेला नवशिका. मधला सातवा पत्ता सिक्स ऑफ कप्स होता, लहानपणाचा. पुढे शिकायचं हे तिने शाळेत असताना ठरवलं होतं, आणि ती इच्छा आजची आहे का हे नंतर स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

तिने त्या दिवशी काहीही ठरवलं नाही, आणि मी तसं सुचवलंही नाही. पण आली तेव्हा ती फक्त ‘पैसे पुरतील का’ एवढंच बोलत होती. उठताना बोलत होती ती एकटीने काम करणं तिला जमेल का, आणि पुन्हा नवशिकं व्हायची तयारी आहे का, याबद्दल. आडव्या ओळींत वाचलं नसतं तर हे दोन्ही मुद्दे सुटले असते. विचारणारा ‘हे की ते’ म्हणताना अगदीच थकलेला वाटला तर मी तिसरा स्तंभही टाकते, ‘दोन्ही नको’ या नावाचा. प्रश्न तेच तीन.

आता थोडं गणित, कारण ते मांडणीत फार कामाला येतं. ७८ पैकी २२ मेजर आर्काना (द सन, द टॉवर असे स्वतंत्र नावाचे, आयुष्यातल्या मोठ्या विषयांचे पत्ते) आणि ५६ मायनर (रोजच्या विषयांचे). मायनरमध्ये कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स आणि वाँड्स असे चार गट (सूट) असतात; त्यांत एक्का ते दहा असे ४० अंकांचे पत्ते आणि पेज, नाइट, क्वीन, किंग मिळून १६ कोर्ट कार्ड. समजा तुम्ही जागा लिहिली, ‘या कामात मला कोण मदत करेल?’ पूर्ण डेकमधून तिथे कोर्ट कार्ड येण्याची शक्यता साधारण पाचात एक. उरलेल्या वेळी एट ऑफ वाँड्समधून माणूस शोधत बसावं लागतं. उपाय सरळ आहे, डेकचे भाग करा. माणसाबद्दलची जागा त्या १६ पत्त्यांतून भरा. ‘यातून मला मोठं काय शिकायचं आहे?’ ही जागा २२ मेजरमधून. ‘या आठवड्यात काय करता येईल?’ ही ४० अंकी पत्त्यांतून. पत्ते आधीच निवडून दिले तर योगायोगाला वाव राहत नाही, अशी तक्रार काही जाणकार करतात. मला ती पटत नाही. सोळांतून एक येतानाही तो कोणता येईल हे आपण ठरवलेलं नसतं.

आकड्यांचा आणखी एक फायदा. तीन पत्त्यांत एक तरी मेजर येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते. दहा पत्त्यांत सरासरी तीनाच्या आसपास मेजर येतात. म्हणून सेल्टिक क्रॉसमध्ये तीन मेजर दिसले की ‘फार मोठी वेळ आली आहे’ म्हणून कोणाला घाबरवू नका, ते नेहमीचंच आहे. सहा-सात आले तर थांबून पाहा. आणि वर सांगितल्याप्रमाणे डेकचे भाग केले असतील, तर मेजर मोजण्यात अर्थच नाही.

नात्याचे प्रश्न वेगळी काळजी मागतात. ‘त्याच्या मनात काय आहे?’ हा प्रश्न मी आहे तसा मांडत नाही. तो माणूस समोर नाही, त्याने परवानगी दिलेली नाही, आणि आपण जे वाचू ते विचारणारा खरं धरून घरी जाणार. भावाशी बोलणं तुटलेल्या एकासाठी मी चार जागा आखल्या होत्या. मी त्याच्याबद्दल काय धरून बसलो आहे? माझं कोणतं वागणं त्याच्यापर्यंत पोचतं? आमच्यात अजून काय शाबूत आहे? पहिलं पाऊल मी टाकायचं तर ते केवढं असावं? चारही प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातल्या गोष्टींचे आहेत.

मांडताना पहिला पत्ता डावीकडे, दुसरा उजवीकडे, मध्ये मुद्दाम एका पत्त्याएवढी मोकळी जागा. तिसरा त्या मोकळ्या जागेच्या खाली, आणि चौथा पहिल्याच्या खाली, कारण पाऊल विचारणाऱ्याचं आहे. मधलं अंतर डोळ्यांना दिसलं पाहिजे. पत्ते एका रांगेत लावले तर हेच चार प्रश्न नुसती यादी होतात. चौथा पत्ता मी अंकी पत्त्यांतून घेते. एक्का किंवा दोन आला तर एखादा निरोप पुरे. आठ-नऊ आला तर बरंच काही बोलावं लागणार आहे, त्याची तयारी करून जा. सूट पावलाची जात सांगतो: कप्स असेल तर मायेने, स्वोर्ड्स असेल तर स्पष्ट बोलून, पेंटॅकल्स असेल तर काहीतरी प्रत्यक्ष करून, वाँड्स असेल तर फार विचार न करता, लगेच.

‘का होतंय’च्या प्रश्नांना उभी मांडणी बरी. सर्वांत वर जे सगळ्यांना दिसतं ते, त्याखाली जे फक्त मला दिसतं ते, आणि तळाशी ज्यावर हे सगळं उभं आहे ते. तीन पत्ते पुरतात. खालून वर उघडू नका. तळ आधी दिसला की वरचे दोन पत्ते वाचायचा धीर राहत नाही.

काळाबद्दलच्या प्रश्नांत माझं ‘भविष्य’ या जागेशी जमत नाही. तिथे पत्ता पडला की विचारणारा हातावर हात ठेवून बसतो. मी त्या एका जागेच्या दोन करते: काहीच बदललं नाही तर हे कुठे जाईल? आणि वळायला जागा कुठे आहे? पहिल्या जागी वाईट पत्ता आला तरी माणूस खचत नाही, कारण शेजारी दुसरा असतोच. वर्षभराचा बारा पत्त्यांचा वर्तुळाकार स्प्रेड पुष्कळांना आवडतो, पण बारा महिने एका बैठकीत वाचले की मार्चनंतरचं कोणालाच आठवत नाही. वर्षाचा एक पत्ता मेजरमधून काढून मध्ये ठेवा, बाराही महिन्यांचे पत्ते पालथे ठेवून पाकिटात घाला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक उघडा.

हो-नाहीच्या प्रश्नासाठी स्प्रेड आखू नका. पत्ता सरळ पडला की उलटा (चित्राचं डोकं खाली), हे पाहून उत्तर काढायचं तर ते नाणं उडवण्याइतकंच होतं आणि ७७ पत्ते वाया जातात. ‘ही नोकरी मिळेल का?’चं ‘माझ्या बाजूने काय उभं आहे, काय कमी पडतं आहे, आणि मिळाली नाही तर मला सावरणारं काय आहे?’ असं करून घ्या. आजार, कोर्टातला निकाल, गुंतवणूक यांचे प्रश्न डॉक्टरकडे, वकिलाकडे आणि त्या विषयातल्या जाणकाराकडे. त्या काळात माणसाचा धीर कसा टिकेल, एवढ्यापुरताच स्प्रेड करावा. ताज्या दुःखात असलेल्या माणसासाठी तर एकच पत्ता, आणि जागा एकच: आज मला कशाचा आधार घेता येईल?

किती पत्ते घ्यावेत? मांडणी झाकून टाकल्यावर सगळे पत्ते जागेसह क्रमाने सांगता येतील एवढेच. माझ्यासाठी ती मर्यादा सहसा सात आहे. आखताना जागा जास्त झाल्या तर कोणत्या दोन जागा एकच गोष्ट विचारताहेत ते बघा. ‘भीती’ आणि ‘अडथळा’ या बहुतेक वेळा जुळ्या असतात, त्यांतली एक काढून टाका.

दोन गोष्टी पिसण्यापूर्वी ठरवून कागदावर लिहा. उलटे पत्ते वाचणार का? आणि एखादा पत्ता कळला नाही तर खुलाशासाठी आणखी एक काढणार का? हे मध्येच ठरवलं तर आपण आवडतं उत्तर येईपर्यंत पत्ते काढत बसतो. मी पूर्ण स्प्रेडमागे एकच खुलाशाचा पत्ता ठेवते, तोही सर्व वाचून झाल्यावर. तुलनेच्या स्प्रेडमध्ये उलटे पत्ते घेत नाही. दोन स्तंभांत आधीच पुष्कळ फरक असतो, त्यात दिशेची भर नको.

नवा स्प्रेड कोणासाठी वापरण्याआधी एखाद्या संपलेल्या बाबीवर चालवून पाहा. शेवट तुम्हाला पूर्ण ठाऊक आहे अशी बाब घ्या: जुनी नोकरी, जुनं भांडण, घेतलेला आणि निभावलेला एखादा निर्णय. ‘तेव्हा मी हे विचारलं असतं तर’ असं धरून पत्ते काढा. पत्ते जुळले की नाही हे इथे बघायचं नाही. तेव्हा जे खरोखर निर्णायक ठरलं, त्याबद्दल विचारणारी जागा तुमच्या स्प्रेडमध्ये आहे का, ते बघायचं. नसेल तर ती जागा घाला.

शेवटी वही. चौकटीच्या वहीत मी प्रत्येक स्प्रेडची आकृती, जागांची पूर्ण वाक्यं, तारीख आणि आलेले पत्ते लिहिते, आणि जी जागा मुकी राहिली तिच्यापुढे छोटा गोल काढते. एकाच जागेपुढे गोल साठू लागले की ते वाक्य खोडून नवं लिहायचं. भावाच्या स्प्रेडमधली तिसरी जागा अशीच बदलत आली. आधी ती ‘आमचं नातं कसं आहे?’ अशी होती, मग ‘आमच्यात काय बिनसलं?’ झाली, आणि आता ‘अजून काय शाबूत आहे?’ यावर बरेच दिवस टिकली आहे. सध्या मी अडले आहे ती दुसऱ्यासाठी निर्णय घ्यावा लागणाऱ्यांच्या स्प्रेडपाशी, म्हणजे म्हाताऱ्या आईची काळजी कुठे आणि कशी घ्यायची असल्या प्रश्नांपाशी. दोन स्तंभ तसेच ठेवले आहेत. ‘या वाटेवर मी कोण होत जाईन?’ ही जागा काढली आहे आणि तिथे ‘या वाटेवर तिचा शब्द कुठे ऐकला जाईल?’ असं लिहिलं आहे. पाचही परीक्षेचे पत्ते तिथे बोलले.